जाताना उशीर, येताना लवकर!

चाकणजवळच्या निघोजे गावाच्या परिसरात फोक्सवॅगनचा मोठा मोटार कारखाना आहे. तो २००९ साली सुरू झाला. कंपनीचं मुख्यालय मात्र दूर जर्मनीत, वोल्फ्सबुर्ग शहरात! त्यामुळे कामासाठी माणसांची ये-जा चालूच असते. त्यात एक गंमत आहे. मुंबईहून जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला विमानाने जायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा परत यायला साधारण तासभर कमी लागतो. अंतर तर तेच! मग हा तास वाचतो कसा?

आधी अंतर मोजू या. शाळेतला पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्तावरून दोरा फिरवा आणि तो पट्टीने मोजा. समजा, तो ८० सेंटिमीटर भरला. खरं विषुववृत्त सुमारे ४०,००० किलोमीटर लांब आहे. म्हणजे या गोलावरचा १ सेंटिमीटर झाला ५०० किलोमीटरचा. आता मुंबई ते फ्रँकफुर्ट दोरा ताणून धरा. तो भरेल १३ सेंटिमीटर, म्हणजेच साडेसहा हजार किलोमीटर!

आता तासाचं कोडं. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना फ्रँकफुर्टच विमानाकडे सरकत येईल की! जातानाच वेळ कमी लागायला हवा." विचार झकास आहे. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतूनच उडतं. त्यामुळे हा फायदा मिळत नाही.

खरी करामत आहे वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवांकडची थंड. हा फरक आणि पृथ्वीचं फिरणं यांतून ते तयार होतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. निघोज्याजवळून वाहणाऱ्या इंद्रायणीत होडी प्रवाहाबरोबर सोडली तर भराभर जाते, उलट दिशेने वल्हवताना दमछाक होते. विमानाचंही तसंच.

समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा ६०. जाताना वारा समोरून, म्हणून वेग उरतो ८४०. येताना वारा पाठीशी, म्हणून वेग होतो ९६०. साडेसहा हजार किलोमीटरला जाताना लागतात पावणेआठ तास, येताना पावणेसात. सापडला की नाही आपला तास? प्रत्यक्षात विमानाचं चढणं, उतरणं आणि वाटेतले वळसे यांमुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ थोडा वाढतो.

वाऱ्याचा असाच फायदा घेत ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेलं. हा मार्ग हजारभर किलोमीटरहून जास्त लांबचा, सुमारे १५,३०० किलोमीटरचा. तरीही वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोचलं!

आता एक गणित तुमच्यासाठी. हिवाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. मुंबईहून रात्री १ वाजता निघालेलं विमान नऊ तासांनी फ्रँकफुर्टला उतरलं, तर तिथल्या घड्याळात किती वाजले असतील? सोडवा पाहू!