बॅटरीशिवाय बुलेट: मोठा कंडेन्सर काय करतो आणि काय करत नाही

मागच्या भागात आपण जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर बोललो. त्यानंतर एकच प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. जुनी बुलेट कस्टम करतोय, सीटखाली सगळं मोकळं दिसायला हवंय, मग बॅटरी काढून कपॅसिटर लावला तर चालतंय का?

चालतंय. पण "चालतंय" म्हणजे नेमकं काय चालतंय, हे आज बघू. गाडी चालू होणं वेगळं आणि त्या गाडीवर रात्री टेंभुर्णीहून सोलापूरला येणं वेगळं.

आधी एक गोष्ट. बॅटरी नसलेली गाडी यात नवीन असं काही नाही ओ. चेतक आणि लूना, दोन्ही १९७२ सालच्या, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या. जुनी चेतक आठवत असेल तर एक्सलेटर पिळला की हेडलाइट उजळायचा, सिग्नलला थांबलं की पिवळा पडायचा. हॉर्न वाजायचा कमी आणि घरघरायचा जास्त. त्यात बॅटरी नव्हतीच. फ्लायव्हीलमधली चुंबकं फिरायची, आतल्या एका कॉइलमधून ठिणगीची वीज निघायची, दुसरीतून दिव्याची. याला मॅग्नेटो म्हणतात. तुमच्या गाडीला मॅग्नेटो असेल, किंवा स्वतःची सोर्स कॉइल असलेली सीडीआय असेल, तर इंजिनाला बॅटरी लागतच नाही. अशा गाडीत प्रश्न फक्त दिवे, हॉर्न आणि इंडिकेटरचा.

खरा प्रश्न १२ व्होल्टच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा. तिथं पॉइंट आणि इग्निशन कॉइल आहे, आणि कॉइलला वीज बॅटरीतून जाते. किक मारली, पॉइंट मिटले, कॉइल भरली, पॉइंट उघडले, ठिणगी पडली. म्हणजे पहिल्या किकला वीज आधीपासून कुठंतरी साठलेली हवी.

इथं बॅटरी तीन कामं करते. एक, इंजिन बंद असताना वीज देते. दोन, आल्टरनेटरमधून रेक्टिफायरमार्गे येणारी वीज धक्क्याधक्क्यानं येते, ती सपाट करते. तीन, जास्तीची वीज पिऊन टाकते, त्यामुळे व्होल्टेज उसळत नाही. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बॅटरी एकाच वेळी हार्ड डिस्कही आहे आणि बफरही. कपॅसिटर हा फक्त बफर आहे.

किती फरक आहे ते आकड्यांत बघा. १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी घेतली तर तिच्यात १,०८,००० ज्यूल ऊर्जा. या कामाला नेहमी वापरतात तो १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला भरला तर त्यात ०.७२ ज्यूल. दीड लाख पट फरक! पॉइंटवाल्या कॉइलला एका ठिणगीसाठी भरताना साधारण पाव ते अर्धा ज्यूल जातो. म्हणजे भरलेल्या कपॅसिटरमध्ये फार तर दोन-तीन ठिणग्या. म्हणून तो साठा नाहीच. किक मारताना आल्टरनेटर जेवढा फिरतो तेवढ्यात कपॅसिटर भरायचा आणि त्यातूनच ठिणगी काढायची, असा सगळा खेळ आहे. त्या क्षणी हेडलाइट चालू असेल तर सगळी वीज तोच खाणार, मग मारत बसा किक.

हा जुगाडही आपला नव्हे. ब्रिटिश लुकास कंपनी साठच्या दशकात ट्रायम्फ, बीएसए अशा गाड्यांसाठी हाच कपॅसिटर विकत होती, २एमसी नावानं. रेसवाल्यांना वजन नको होतं म्हणून.

गॅरेजमध्ये एक घोळ हमखास होतो, तो आत्ताच सांगतो. आपल्याकडे मिस्त्री पॉइंटशेजारच्या छोट्या डबीलाही कंडेन्सर म्हणतात आणि या मोठ्या डब्यालाही. छोटा कंडेन्सर एक मायक्रोफॅरडच्याही खूप खाली असतो, त्याचं काम पॉइंटची ठिणगी मारणं. तो जागेवरच राहणार. मोठा वेगळा, तो बॅटरीच्या जागी लागतो. दुकानात जाऊन नुसतं "बुलेटचा कंडेन्सर द्या" म्हणालात तर छोटाच हातात पडणार.

आता वायरिंग. यात सगळ्यात जास्त वेळ स्टेटरवर द्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत लाइटिंग कॉइलचं एक टोक स्टेटर प्लेटलाच, म्हणजे बॉडीला अर्थ केलेलं असतं. अशा कॉइलला फुल वेव्ह रेक्टिफायर लावला तर ब्रिजचा एक भाग शॉर्ट होतो आणि काहीतरी जळतं. ते अर्थचं टोक सोडवून स्वतंत्र वायरनं बाहेर काढायचं. दोन्ही टोकं बॉडीपासून मोकळी झाली का, हे मल्टिमीटरनं तपासायचं. मग ती दोन्ही रेग्युलेटर-रेक्टिफायरला द्यायची.

एवढा उपद्व्याप कशाला? समजा आयडलिंगला इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेतंय आणि आल्टरनेटरचा रोटर सहा पोलचा आहे. म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनं. फुल वेव्हला विजेचे १२० धक्के मिळतात, हाफ वेव्हला ६०. दोन अँपिअर भार आणि १०,००० मायक्रोफॅरड धरले, तर दोन धक्क्यांमध्ये व्होल्टेज फुल वेव्हला जास्तीत जास्त १.७ व्होल्ट पडतं, हाफ वेव्हला ३.३. आधीच आयडलिंगला मारामार, त्यात सव्वातीन व्होल्ट गेले तर कॉइल भरणार कशी?

रेग्युलेटर घेताना तो बॅटरीशिवाय चालतो का, हे स्पष्ट विचारा. काही रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय आउटपुटच देत नाहीत. कपॅसिटर रेग्युलेटरच्या आउटपुटला, जवळात जवळ, प्लसला प्लस आणि बॉडीला मायनस. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लावला तर तो फुगतो, फुटतोसुद्धा. जुनी ब्रिटिश गाडी असेल तर आधी अर्थ कुठला आहे ते बघा, त्यातल्या कित्येकांना प्लस अर्थ असायचा.

व्होल्टेज रेटिंग १६ चं घेऊ नका. ५० किंवा ६३ घ्या, कारण रेग्युलेटर गेला तर आल्टरनेटर १४ वर थांबत नाही. आणि हे आपल्या सोलापूरसाठी खास: ८५ डिग्रीवाला नको, १०५ डिग्रीवालाच घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा डिग्रीनं वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात सावलीतच ४३-४४ डिग्री, त्यात तुम्ही तो सिलिंडरच्या मागं बांधणार. मोकळ्या हवेत, रबरावर बसवा, बुलेटच्या थरथरीनं त्याचे पाय तुटतात. वायरिंगला हात लावण्याआधी एखादा बल्ब लावून तो रिकामा करा. मेन लाइनला फ्यूज हवाच.

जुनी ६ व्होल्टची जावा किंवा येझदी असेल तर यातलं बरंच विसरा. तिथं आल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. त्याच्या फील्ड कॉइलमधून वीज वाहू लागते तेव्हाच तो पुरेशी वीज तयार करतो. किकच्या झटक्यात कपॅसिटर भरण्याइतकं काही निघत नाही. त्यासाठी अख्खा स्टेटरच बदलावा लागतो. चेक प्रजासत्ताकातल्या व्हेप कंपनीचे तसे किट मिळतात, पण खिसा बघून. आणि फ्युएल इंजेक्शनवाल्या नव्या गाडीवर हा प्रयोग करूच नका, तिथं पेट्रोल पंपालाच वीज लागते.

चालवताना काय बदलतं? आयडलिंगला हॉर्न दाबला की इंजिन अडखळतं, कारण साधा डीसी हॉर्न दोन-तीन अँपिअर ओढतो. सात रस्त्याच्या सिग्नलला याची मजा कळेल. जुना गरम होऊन टिकटिकणारा फ्लॅशर अशा ढासळत्या व्होल्टेजवर नीट चालत नाही, एलईडी इंडिकेटर आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. हेडलाइटला वेगळा स्विच ठेवा.

एवढं सगळं जमलं, तरी बॅटरीचं पहिलं काम राहिलंच. इंजिन बंद पडलं की गाडी अंधारात. एक दिवा नाही. हिवाळ्यात हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा असतात, मागून ट्रक येतात. तिथं कडेला घेताना इंजिन बंद पडलं आणि टेल लॅम्पही गेला, तर मागच्याला तुम्ही दिसतच नाही. गाडीला मागचा लाल दिवा हवाच, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. पण मला इथं कायद्यापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची भीती जास्त वाटते.

कायद्याचं निघालंच आहे तर एवढंच. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, त्यामुळे कस्टम केलेली गाडी त्यात धरून चालू नका. आणि नोंदणीतल्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणेच वाचलं आहे. फ्रेम कापण्याआधी आरटीओत विचारा.

टेल लॅम्पवर माझा उपाय असा. २.७ व्होल्ट, १० फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर सीरिजमध्ये जोडायचे, प्रत्येकाला बॅलन्सिंग रेझिस्टर. हा साठा मेन लाइनवरून ४७ ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून आणि एका डायोडमधून भरायचा, म्हणजे किकच्या वेळी तो फारसं काही खात नाही. एलईडी टेल लॅम्पला वीज दोन वाटांनी, दोन्हीकडे डायोड: एक वाट मेन लाइनवरून, दुसरी या साठ्यातून. डायोडमुळे साठ्यातली वीज हेडलाइटकडे पळत नाही. चार-पाच मिनिटं गाडी चालली की साठा भरतो. एक वॅटचा दिवा इंजिन बंद झाल्यावर सव्वा मिनिटाच्या आसपास टिकतो, शेवटी मंद होत जातो. गाडी ढकलत कडेला न्यायला तेवढं पुरतं. सगळं मिळून काड्यापेटीच्या दोन-तीन पेट्यांएवढी जागा, हेडलाइटच्या भांड्यातही बसेल.

एवढंही नको असेल तर सायकलला लावतात तो चार्जिंगचा लाल दिवा मागच्या मडगार्डवर कायमचा बसवा आणि रात्री निघताना आठवणीनं चालू करा. दिसायला बरा नाही, मान्य. पण ज्या गाडीवर दोन्हीपैकी काहीच नाही, ती मी अंधार पडल्यावर होटगी रोडच्या पुढं नेणार नाही.