आपल्या किनाऱ्यावरचा आफ्रिकी इतिहास कुणाकडून ऐकायचा?

गुहागरजवळचा अंजनवेलचा किल्ला, म्हणजे आपला गोपाळगड, 1745 मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतला. त्याआधी तो जंजिऱ्याच्या सिद्दींकडे होता, आणि सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. या इतिहासावर एखादा नट दोन मिनिटं बोलला की व्हिडिओ घरोघरी पोचतो. ज्यांनी आयुष्य घालून तो शोधला, त्यांची नावं मात्र कुणाला माहीत नसतात. मला हे फार खटकतं.

म्हणून आज जोसेफ हॅरिस. हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय इतिहासकार, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचं 'द आफ्रिकन प्रेझेन्स इन एशिया' 1971 साली आलं. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आशियात नेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हा त्यांचा प्रश्न. त्यात जंजिऱ्याचे सिद्दी आहेत आणि मलिक अंबरही. इथिओपियात जन्मलेला, पुन्हा पुन्हा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. 1610 मध्ये त्यानं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना गनिमी काव्यानं जेरीला आणलं.

सेनेगाली-फ्रेंच वंशाच्या सिल्व्हियान दियूफ यांचंही नाव घ्यायलाच हवं. न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात 2013 मध्ये भारतातल्या आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरलं, ते उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

सुरुवात करायची तर ओमर अली यांचं मलिक अंबरचं चरित्र (2016) घ्या, छोटंसं आहे. मग हॅरिस. वाचनालयात नसतील तर मागणी नोंदवा, मीही नोंदवतोय.