पासवर्ड मॅनेजर आणि नोकरभरतीचे सॉफ्टवेअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पासवर्ड मॅनेजर सहसा आयटी विभाग निवडतो आणि नोकरभरतीचे सॉफ्टवेअर एचआर विभाग. पहिल्यात बँक, जीएसटी, ईमेल आणि सर्व्हरच्या खात्यांचे पासवर्ड असतात. दुसऱ्यात उमेदवारांचे बायोडेटा, फोन नंबर, पगाराचे आकडे आणि मुलाखतीचे शेरे. दोन्हींत दुसऱ्यांनी विश्वासाने सोपवलेली माहिती साठते. म्हणूनच निवड करताना पहिला प्रश्न हा असायला हवा, की ही माहिती कोणाला दिसते आणि तिच्या आधारे निर्णय कोण घेतो. बाजारातील तुलना मात्र बहुतेक वेळा सुविधांची यादी आणि किंमत यांवरच थांबतात. पुढील गैरसमज त्यातूनच पसरले आहेत.

गैरसमज १ : सगळे पासवर्ड एका ठिकाणी ठेवणे म्हणजे चोराची सोय करणे.

वस्तुस्थिती : चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये पासवर्ड वापरणाऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवरच कूटबद्ध होतात आणि त्याच रूपात कंपनीच्या सर्व्हरवर जातात. वापरणाऱ्याने लक्षात ठेवायच्या एका मुख्य पासवर्डवर, म्हणजे मास्टर पासवर्डवर, ठरावीक गणिती प्रक्रिया लाखो वेळा करून व्हॉल्ट, म्हणजे पासवर्डची तिजोरी, उघडणारी की तयार होते. ही की सर्व्हरवर ठेवली जात नाही, त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपनीलाही आतले पासवर्ड वाचता येत नाहीत.

२०२२ मध्ये लास्टपास या कंपनीच्या बॅकअपमधून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच होते. काही जुन्या खात्यांमध्ये ती गणिती प्रक्रिया ५,००० किंवा त्याहूनही कमी वेळा होत होती. ओवॅस्प या संस्थेची २०२३ ची शिफारस ६,००,००० वेळांची आहे. ज्यांचा मास्टर पासवर्ड कमकुवत होता, त्यांना या चोरीचा सर्वाधिक धोका राहिला. त्यामुळे दोन सेवांची तुलना करताना काय काय कूटबद्ध होते, प्रक्रिया किती वेळा होते आणि जुनी खाती आपोआप सुधारली जातात का, हे विचारावे. वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्डच्या जोडीला वापरणाऱ्याच्या उपकरणावर तयार होणारी १२८ बिटची गुप्त की लागते. बिटवॉर्डनचा सोर्स कोड खुला आहे आणि तो ग्राहक कंपनीला स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतो. किपास पासवर्ड स्थानिक फाइलमध्ये ठेवते. हे फरक सुविधांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

गैरसमज २ : पासवर्ड लपवून शेअर केला, की कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी काळजी नाही.

वस्तुस्थिती : अनेक साधनांत सहकाऱ्याला पासवर्ड न दाखवता लॉगिन करू देण्याची सोय असते. पण लॉगिनच्या रकान्यात पासवर्ड भरला गेला, की थोडे तांत्रिक ज्ञान असलेली व्यक्ती तो ब्राउझरमधून वाचू शकते. त्यामुळे कर्मचारी गेल्यावर त्याचे खाते बंद करण्याबरोबरच त्याच्या हाताखालून गेलेले सामाईक पासवर्डही बदलावे लागतात. कोणाला कोणते पासवर्ड मिळाले होते याची नोंद काढून देणे हे व्यावसायिक पासवर्ड मॅनेजरचे खरे काम. घरगुती वापरासाठी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चालून जातात, पण त्यांतून ही नोंद मिळत नाही.

गैरसमज ३ : दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणारे सॉफ्टवेअर जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती : हा नियम रूढ होण्यामागे अमेरिकेच्या निस्ट या संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेली मार्गदर्शिका होती. सक्तीने बदल करावा लागला, की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटी १ च्या जागी २ घालतात. निस्टने २०१७ मध्ये हा सल्ला मागे घेतला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, असे नवी मार्गदर्शिका सांगते. बर यांनीही त्याच वर्षी जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड असणे हे कॅलेंडर पाहून बदल करण्यापेक्षा उपयोगाचे आहे.

गैरसमज ४ : ७५ टक्के बायोडेटा माणसाच्या नजरेला पडण्याआधीच भरतीचे सॉफ्टवेअर नाकारते.

वस्तुस्थिती : या बहुचर्चित आकड्यामागे पडताळता येईल असा कोणताही अभ्यास नाही. भरतीचे सॉफ्टवेअर मुख्यतः अर्ज गोळा करते, त्यांची वर्गवारी करते आणि शोध घेऊ देते. अर्ज थेट बाद होतो तो बहुधा कंपनीने स्वतः घातलेल्या अटीमुळे.

ही अट चुकीची असेल तर नुकसान मोठे होते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात, नेमक्या निकषांत न बसल्यामुळे उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारही चाळणीत गळतात, असे ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले. नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड असलेले बायोडेटा जवळजवळ निम्म्या कंपन्या बाजूला काढत होत्या. बाळंतपण किंवा घरातले आजारपण यांसाठी थांबलेली व्यक्ती अशा अटीत हमखास सापडते.

मराठी बायोडेटाची अडचण आणखी वेगळी आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर माणसाला देवनागरी दिसतो. सॉफ्टवेअरला मात्र तो रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका वाटतो. स्कॅन करून पाठवलेल्या कागदात तर मजकूर नसतोच, फक्त चित्र असते. मराठी अर्ज येत असतील तर असे चार-पाच बायोडेटा टाकून पाहिल्याशिवाय सॉफ्टवेअर घेऊ नये.

गैरसमज ५ : यंत्राला पूर्वग्रह नसतो, म्हणून त्याची निवड निःपक्षपाती.

वस्तुस्थिती : यंत्र शिकते ते जुन्या निवडींवरून. ॲमेझॉनने २०१४ पासून बायोडेटांना गुण देणारी प्रणाली विकसित केली. तिला शिकवण्यासाठी वापरलेले आधीच्या दहा वर्षांतले अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. परिणामी बायोडेटात महिलांच्या संघाचा किंवा मंडळाचा उल्लेख आला, की प्रणाली गुण कमी करू लागली. कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून ही हकीकत बाहेर आली.

आयट्यूटरग्रुप या शिकवणी कंपनीवर तर असा आरोप होता, की तिचे सॉफ्टवेअर ५५ आणि त्याहून अधिक वयाच्या महिलांचे व ६० आणि त्याहून अधिक वयाच्या पुरुषांचे अर्ज आपोआप नाकारत होते. अमेरिकेतला हा खटला २०२३ मध्ये ३,६५,००० डॉलरच्या तडजोडीवर मिटला. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा साधनांची दरवर्षी पक्षपात-तपासणी बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यानेही भरतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेला उच्च जोखमीच्या गटात टाकले आहे.

गैरसमज ६ : सुरक्षा हा पासवर्ड मॅनेजर घेताना बघायचा मुद्दा, भरतीच्या सॉफ्टवेअरला सोपेपणा पुरे.

वस्तुस्थिती : मॅकडोनाल्ड्सच्या भरतीसाठी पॅराडॉक्स डॉट एआय या कंपनीने चालवलेल्या प्रणालीत २०२५ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांना शिरता आले. खात्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही १२३४५६ होते. ते जुने चाचणी खाते वर्षानुवर्षे वापरात नव्हते, पण कोणी बंदही केले नव्हते. आत गेल्यावर अर्जाचा क्रमांक बदलताच दुसऱ्या उमेदवाराची माहिती दिसत होती. अशा ६.४ कोटीपर्यंत नोंदी उघड्यावर होत्या. संशोधकांनी कळवल्यावर त्रुटी लगेच दुरुस्त झाली.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे असले, तरी माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवरच राहते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

गैरसमज ७ : दरमहा दर कमी, ते सॉफ्टवेअर स्वस्त.

वस्तुस्थिती : पासवर्ड मॅनेजरचा दर बहुधा प्रत्येक वापरकर्त्यामागे असतो. भरतीच्या सॉफ्टवेअरचा दर कुठे भरती करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर, कुठे एका वेळी खुल्या असलेल्या जागांवर, तर कुठे कंपनीच्या एकूण मनुष्यबळावर ठरतो. त्यामुळे आकडे शेजारी मांडून तुलना होत नाही. वर्षभराच्या अपेक्षित वापराचा हिशेब मांडावा लागतो. एकाच लॉगिनने सर्व सेवा वापरण्याची सोय अनेक कंपन्या फक्त महागड्या योजनेत देतात.

खरेदीपूर्वी दोन्ही साधनांसाठी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : दुहेरी पडताळणी सर्वांना सक्तीची करता येते का, कोणी काय पाहिले याची नोंद राहते का, सेवा सोडताना सगळी माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळते का, आणि त्यानंतर ती किती दिवसांत पुसली जाते. भरतीच्या सॉफ्टवेअरबाबत आणखी एक प्रश्न हवाच : नाकारलेला अर्ज कोणत्या अटीवर नाकारला गेला, हे माणसाला पाहता आणि बदलता येते का. या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या विक्रेत्याकडे सुविधा कितीही असल्या, तरी त्याच्या हाती लोकांची माहिती सोपवू नये.