सुटलेला निरोप

धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही. फोनवरच्या निरोपाचेही तसेच आहे.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एक बाई शिवणाच्या कारखान्यात कामाला आहेत. एकदा पगार लांबला. रागाच्या भरात त्यांनी मालकाविषयी चार वाकडे शब्द लिहिले. पाठवायचे होते बहिणीला, गेले कारखान्याच्या व्हॉट्सॲप गटावर! गटात मालक होते, माल घेणारे व्यापारीही होते. बाईंनी घाईने निरोप पुसला. पण तोवर एकाने त्याचा फोटो काढून ठेवला होता.

2022 साली व्हॉट्सॲपने पाठवलेला निरोप सर्वांच्या फोनवरून पुसण्याची मुदत 60 तास केली. पण ज्याने वाचला, त्याच्या मनातून तो कसा पुसणार?

मग करावे काय? व्यापाऱ्यांचा गट वेगळा ठेवावा, कामगारांचा वेगळा. कारखान्याच्या वतीने एकानेच लिहावे. गिऱ्हाइकाचे बिल किंवा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. पाठवण्याआधी गटाचे नाव वाचावे. रागात तर फोन खालीच ठेवावा.

आणि तक्रार? ती मात्र गिळू नये. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळावा, असा कायदा आहे. बाई मालकांसमोर बसून तेच बोलल्या. चुकलेल्या शब्दांची माफी मागितली, पगाराचा हक्कही मागितला. पगार मिळाला, कामही राहिले.