विंच, लष्करी रिकव्हरी ट्रकवरील
चिखलात किंवा वाळूत रुतलेली, खड्ड्यात घसरलेली अथवा उलटलेली लष्करी वाहने तारदोराने ओढून सोडविण्यासाठी अवजड ट्रकवर बसविलेले यंत्र. विहिरीवरील रहाटाप्रमाणे यातही दोर फिरत्या ड्रमवर गुंडाळला जातो. मात्र येथील ओढ कित्येक टनांची असते व ती ट्रकच्या एंजिनाकडून मिळते. विंचची क्षमता टनांत सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तीपैकी किती ओढ प्रत्यक्षात वापरता येईल, हे ट्रक जमिनीला किती घट्ट धरून राहतो यावर ठरते. विंच बसविण्याच्या व वापरण्याच्या बहुतेक नियमांचे मूळ या गोष्टीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) रणगाड्यांची वजने वाढत गेली, तसे हे यंत्र महत्त्वाचे ठरले. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात निकामी झालेला रणगाडा वेळीच मागे आणून दुरुस्त करणे हे नवा रणगाडा मिळविण्याइतकेच मोलाचे होते. ब्रिटिश सैन्याच्या स्कॅमेल पायोनियर या ट्रकवर १०२ अश्वशक्तीचे गार्डनर डीझेल एंजिन व ८ टनांची विंच होती. ब्रिटिशांच्या मागणीवरून अमेरिकेत तयार झालेल्या डायमंड टी ९८० या ट्रकवर (१९४१) सुमारे १८ टन ओढीची विंच व ९१ मी. दोर असे. नंतरच्या ९८१ या नमुन्यात दोराची लांबी १५२ मी. करण्यात आली व तो ट्रकच्या पुढील बाजूनेही बाहेर काढता येऊ लागला. दुरुस्तीबरोबरच वाहने सोडविण्याचे काम ब्रिटनमध्ये १९४२ साली व भारतात १९४३ साली स्थापन झालेल्या विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांच्या दलांकडे आले.

रचना व बसवणी : विंच बहुधा चालकाच्या कक्षामागे, चासीच्या दोन मुख्य तुळयांवर जोडचौकट बोल्टांनी घट्ट करून तीवर बसवितात. स्वतःचा ट्रक अडकल्यास तो सोडविण्यासाठी पुढील बाजूसही एक लहान विंच ठेवतात. गिअरपेटीवरून काढलेला स्वतंत्र दंड वर्म दंतचक्रामार्फत ड्रम फिरवितो. वर्ममुळे वेग पुष्कळ कमी होऊन ओढ वाढते, शिवाय भाराने ड्रम सहसा उलटा फिरत नाही. तरीही केवळ या घर्षणावर विसंबणे धोक्याचे असल्याने वर्मच्या दंडावर आपोआप लागणारा ब्रेक असतो.

चालक दंडातील शिअर पिन ही मऊ धातूची खीळ मर्यादेपलीकडे भार गेल्यास प्रथम तुटते आणि दोर व दंतचक्रे वाचतात. ती वारंवार तुटू लागली की तिच्या जागी पोलादी बोल्ट ठोकण्याचा मोह होतो. असे केल्याने यंत्रातील सर्वांत स्वस्त भागाऐवजी दोर किंवा आकडा तुटण्याची पाळी येते.

दोर ड्रमवर सरळ यावा यासाठी त्याचा ड्रमशी होणारा तिरपेपणा दीड-दोन अंशांपलीकडे जाऊ नये असे मानतात. ५० सेंमी. रुंदीच्या ड्रमसाठी दीड अंशाची मर्यादा पाळायची, तर पहिला मार्गदर्शक रूळ नऊ मीटरांहून अधिक दूर हवा. ट्रकवर एवढी जागा नसते. म्हणून दोर ओळीने बसविणारी सरकती योजना किंवा दाबरूळ लावतात.

दोराची रेषा शक्य तितकी खाली ठेवतात. जमिनीपासून १ मी. उंचीवरून १८ टनांची ओढ मागे घेतल्यास, ४·५ मी. अंतरावर आस असलेल्या ट्रकच्या पुढील आसावरील सुमारे ४ टन भार मागील आसावर जातो. पुढचा भाग हलका असल्यास चाके उचलली जातात.

डायमंड टी ९८० या ट्रकचे रिकामे वजन सुमारे १२ टन होते. ब्रेक लावलेल्या चाकांचा घर्षणांक ०·६ धरल्यास तो स्वबळावर जेमतेम ७ टन ओढ सहन करू शकतो. ओल्या मातीवर त्याहूनही कमी. उरलेल्या ओढीसाठी चाकांमागे ठोकळे लावणे, मागील फाळ जमिनीत रोवणे किंवा ट्रक झाडाला अथवा पुरलेल्या ओंडक्याला साखळीने जखडणे भाग पडते. रणगाडा आपल्याच ट्रेलरवर चढवून घेताना ही अडचण बरीच कमी होते. कारण ओढीचा मोठा भाग ट्रक व ट्रेलर यांच्या जोडातच सामावला जातो.

वापर : प्रथम विरोधाचा अंदाज घेतात. अमेरिकी लष्करी पुस्तिकांतील ढोबळ नियमानुसार चाकांपर्यंत रुतलेल्या वाहनास त्याच्या वजनाइतकी, चिखलपंख्यांपर्यंत रुतलेल्यास दुप्पट व चालककक्षापर्यंत किंवा रणगाड्याच्या बुरुजापर्यंत रुतलेल्यास तिप्पट ओढ लागते. रणगाडा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे ओढल्यास विरोध सुमारे १० टक्के, आणि त्याचे पट्टे स्वतःच्या एंजिनाने फिरविल्यास ४० टक्के घटतो.

ड्रमवर दोराचे थर वाढतात तशी ओढ कमी होते. ३०० मिमी. व्यासाच्या ड्रमवर २० मिमी. जाडीचा दोर असल्यास पहिल्या थरावर १० टन ओढणारी विंच चौथ्या थरावर सुमारे ७·३ टनच ओढते. यास्तव जास्त ओढ हवी असता दोर अधिक सोडतात. परंतु ड्रमवर निदान चार-पाच वेढे शिल्लक ठेवतात. दोराच्या टोकाचा खिळा ओढ सहन करण्यासाठी नसतो. ते काम वेढ्यांचे घर्षण करते.

अडकलेल्या वाहनावर कप्पी लावून दोर परत आणल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते. घर्षणामुळे प्रत्येक कप्पीमागे सुमारे १० टक्के घट धरतात. दोराचे मोकळे टोक आपल्याच ट्रकला बांधले, तर दोन्ही पदरांचा ताण त्याच्यावर येतो. ते वेगळ्या झाडाला बांधले, तर ट्रकवर एकाच पदराचा ताण राहतो. कप्पीच्या साखळीवर मात्र दोन्हींचा एकत्रित ताण येतो, हे बऱ्याचदा लक्षात घेतले जात नाही.

ताणलेल्या दोरात साठलेली प्रत्यास्थ ऊर्जा तो तुटताच मुक्त होते व दोर चाबकासारखा परततो. अशा आघाताने हातपाय तुटू शकतात वा जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडलेल्या दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभे राहू नये, तसेच कप्पीवरून वळलेल्या दोराच्या कोनात कधीही जाऊ नये. आकड्याचे तोंड वरच्या बाजूस ठेवतात. तो सरळ होऊन सुटल्यास जमिनीकडे फेकला जातो. खुणा करणारा एकच माणूस असावा. दोघांच्या इशाऱ्यांनी चालक गोंधळतो.

देखभाल : वापरानंतर दोर पुसून, वंगण लावून व हलका ताण देऊन गुंडाळतात. सैल गुंडाळल्यास पुढील ओढीत वरचा वेढा खालच्या थरांत रुततो. तुटलेल्या तारांची टोके चामडी हातमोजेही फाडतात. म्हणून दोर हातांतून सरकू देत नाहीत. २० मिमी. पोलादी दोराचे वजन दर मीटरास सुमारे १·६ किग्रॅ. भरते. त्यामुळे काही वाहनांवर आता हलके कृत्रिम तंतूंचे दोर वापरतात. ते तुटल्यास कमी जोराने परततात, पण उष्णतेने व खडकाच्या घासण्याने लवकर खराब होतात. दोन चालित कप्प्यांवरून दोर ओढून तो वेगळ्या ड्रमवर साठविणाऱ्या विंचांत थरांमुळे ओढ घटत नाही.