परमुलखातले चोरीस

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या आणि मिरच्यांच्या ढिगांमधून पुढे सरकलं की लालभडक मण्यांच्या जपमाळांसारखं काहीतरी टांगलेलं दिसतं. वास त्याच्याही आधी येतो, आंबट, धुरकट, लसणीचा. हे चोरीस, म्हणजे डुकराचं मांस व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्यात भरून, उन्हात आणि धुरावर सुकवलेले गोव्याचे सॉसेज. गिऱ्हाईक मणी बोटानं दाबून बघतं, वास घेतं, थोडी घासाघीस करतं आणि माळ पिशवीत टाकतं. गोव्यात चोरीस शोधावे लागत नाहीत. शोधायची पाळी येते ती मुंबईत, पुण्यात, दुबईत, टोरांटोत. गोव्यातला ख्रिस्ती माणूस गेली दीडशे वर्षं तरी पोटामागे घराबाहेर पडत आला आहे, त्यामुळे हा शोधही तितकाच जुना.

खरं तर चोरीस हा पदार्थच घरापासून लांब आलेल्या माणसांनी घडवलेला. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, तेव्हा त्यांच्या मागोमाग त्यांचं खाणंही आलं. पोर्तुगालमध्ये अशा सॉसेजमध्ये लसूण, मीठ, वाइन आणि गोडसर लाल मिरचीची पूड असते आणि मग त्याला धुरी देतात. गोव्यात द्राक्षं नव्हती, माड होते. वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरनं घेतली. मिरची पोर्तुगिजांनीच अमेरिकेतून या किनाऱ्यावर पोचवली होती, पण गोव्यातल्या स्वयंपाकिणींनी ती पुडीच्या चिमटीनं न घालता मूठमूठ वाटून घातली. मिरी, लवंग, दालचिनी, जिरं हाताशी होतंच. असं करत करत जे तयार झालं ते आज लिस्बनच्या माणसापुढे ठेवलं तर तो पहिल्याच घासाला पाणी मागेल. म्हणून परदेशात बसून 'अस्सल' चोरीस मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हे अस्सलपण जे नाही त्याच्या जागी जे आहे ते वापरण्यातूनच आलेलं आहे.

कृती सांगायला सोपी, करायला चिवट. मांस आणि चरबी दोन्हींचे बारीक तुकडे करायचे. यंत्रातून खिमा काढला तर तो चोरीस नव्हे. तुकडे मिठात घालून वर वजन ठेवायचं, म्हणजे पाणी सुटतं. ते काढून टाकायचं, तुकडे उन्हात सुकवायचे. सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं आणि गरम मसाला व्हिनेगरमध्ये पाट्यावर वाटायचा. पाण्याचा थेंब नको. काही घरांत वरून थोडी फेणी पडते. या वाटणात मांस काही दिवस मुरू द्यायचं, रोज खालीवर करायचं. मग स्वच्छ केलेल्या आतड्यात ते ठासून भरायचं आणि सुतानं आवळून मणी पाडायचे. माळा पुन्हा उन्हात, आणि नंतर चुलीच्या वर, धुरात.

यातली एकही पायरी चवीची हौस म्हणून आलेली नाही. मीठ पाणी ओढून घेतं, व्हिनेगरच्या आंबटपणात जंतूंचं फावत नाही, ऊन उरलासुरला ओलावा काढतं, धूर बाहेरून राखण करतो. चारही पहारेकरी लागतात, कारण हे मांस पावसाळ्यात टिकायला हवं असतं. खवळलेल्या समुद्रात होड्या जात नसत, ताजी मासळी बंद व्हायची. म्हणून मे महिन्यात गोव्यातली घरं पुरुमेंताच्या मागे लागत. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुके बांगडे, सुंगटं, कोकमं, मिरच्या, कडधान्य, आणि चुलीवरच्या आढ्याला चोरिसांच्या माळा. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या वेळी भरणारी पुरुमेंताची फेरी, म्हणजे जत्रा, अजून चालू आहे. फ्रीज घरोघरी आला तरी लोक ती चुकवत नाहीत.

जो पदार्थ चार महिने पावसात टिकतो तो प्रवासालाही टिकतो. मुंबईत त्याचं पहिलं मोठं ठाणं म्हणजे कूड. एकेका गावच्या मंडळींनी मिळून भाड्यानं घेतलेली राहायची जागा म्हणजे कूड. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत आणि आसपासच्या गल्ल्यांत अशा कितीतरी होत्या, काही आजही आहेत. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मधे इथे उतरत. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, एका टोकाला आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. गावाहून येणारा रिकाम्या हातानं येत नसे, आणि पेटीत कपड्यांखाली चोरीस असत. बोटीवरच्या फिक्या जेवणाला तोंडीलावणं म्हणून ते पुढे निम्मं जग फिरून येत. धोबीतलाव, माझगाव, वांद्रे, कलिना इथल्या दुकानांत पुढे जे चोरीस लटकायला लागले ते या पेट्यांच्याच मागून.

या वाटेत एकदा राजकारण आडवं आलं. पोर्तुगिजांच्या ताब्यातला गोवा सोडवण्यासाठी झालेल्या 1955 च्या सत्याग्रहानंतर भारतातून गोव्याला जाणारी रेल्वे बंद झाली आणि ये-जा परवान्यांवर आली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर ती वाट मोकळी झाली. पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर मडगावहून रात्री निघालेली माळ सकाळी मुंबईत हजर होऊ लागली. डब्यात सहप्रवाशांनी नाक मुरडलं की सामान कुणाचं ते सांगावं लागत नाही. वर्तमानपत्राचे चार थर आणि वर प्लॅस्टिक गुंडाळलं तरी लाल तेल वाट काढतंच.

खरी अडचण समुद्रापलीकडे. आखातातल्या नोकऱ्यांनी गोव्यातली घरं उभी केली, पण कुवेतमध्ये डुकराच्या मांसाला साफ मज्जाव आहे. तिथला गोवेकर सुट्टीवर आला की दोन महिन्यांत दोन वर्षांचे चोरीस खाऊन जातो. अमिरातीत मोठ्या दुकानांमध्ये बिगरमुस्लिमांसाठी वेगळा कोपरा असतो, तिथे डुकराचं मांस मिळतं. मग कुणीतरी व्हिनेगरची बाटली सामानातून आणतो आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कारखाना सुरू होतो.

ब्रिटनची गोष्ट अधिक मजेशीर आहे. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये गेले. ब्रेक्झिटनं ती सोय संपवली, तोवर स्विंडन या जुन्या रेल्वे कारखान्याच्या गावात कोंकणी रस्त्यावर ऐकू येऊ लागली होती. पासपोर्ट पोर्तुगीज, आणि पोर्तुगालचं सॉसेज दुकानात हवं तेवढं मिळतं, पण ते आणून कांद्याबटाट्यात शिजवलं तर ना आंबट ना तिखट. पासपोर्टवाल्या देशाचा पदार्थ चालत नाही, नातेवाईक निघाला तरी.

गोव्याहून बॅगेत घालून न्यावे तर कायदा आड येतो. भारतातून मांसाचे पदार्थ प्रवाशाबरोबर नेणं ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया कुठेच चालत नाही. लोक याला कस्टमवाल्यांचा आडमुठेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू माणसाला काही करत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो, आणि तो खारवलेल्या-धुरावलेल्या मांसातही महिनोन् महिने जिवंत राहू शकतो. भारतात तो 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. एका माळेसाठी दुसऱ्याच्या गोठ्यात आग लावायची नसते.

त्यामुळे परदेशातल्या गोवेकरांनी जे केलं तेच बरोबर केलं. ते घरीच करतात. माडाचा व्हिनेगर नाही तर तिथला माल्ट व्हिनेगर, ऊन नाही तर मंद आचेवरची भट्टी. पुष्कळ जण आतडी भरायच्या फंदातच पडत नाहीत. मुरवलेलं मांस बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवतात आणि लागेल तसं चमच्यानं काढतात. जुनी माणसं याला चोरीस म्हणायला तयार नसतात. पण पावात घालून खाताना तीच माणसं दुसरा पाव मागतात.

उलट काळजी वाटते ती गोव्यातल्याच मालाची. चोरिसाचा जीव माडाच्या व्हिनेगरमध्ये आहे, आणि तो व्हिनेगर रेंदेर माडावर चढून सूर काढतो म्हणून मिळतो. दिवसातून दोन-तीनदा माड चढायचं हे काम आता नव्या पिढीतलं कुणी सहसा घेत नाही. सूर कमी झाली की व्हिनेगर महाग होतो, आणि मग बाटलीतलं कृत्रिम आम्ल आत शिरतं. त्याचा आंबटपणा घशाला ओरबाडतो, मागे कसली चव ठेवत नाही. त्यावर रंग घातला की माळ दिसायला झकास. रस्त्याकडेला पर्यटकांसाठी टांगलेल्या बऱ्याच माळा याच जातीच्या असतात. चिकनचे चोरीसही निघाले आहेत. ज्यांना डुकराचं मांस चालत नाही त्यांची सोय होते, पण चरबी नसेल तर बटाट्यानं काय प्यायचं?

मुंबई-पुण्यात चोरीस घ्यायचे असतील तर एप्रिल-मेमध्ये घ्या. उन्हात सुकलेला माल तेव्हाच येतो. फ्रीझरमधल्या पाकिटापेक्षा टांगलेली माळ बघा. मणी दाबला तर आत तुकडे लागले पाहिजेत, लगदा नव्हे. भडक लालपेक्षा काळपट लाल रंग बरा. दुकानदाराला व्हिनेगर कुठला ते विचारा. तो उत्तर देताना घुटमळला तर थोडेच घ्या. कच्चे चाखू नका, हे पूर्ण शिजवायचं मांस आहे. मोठे असतील तर आतडं सोलून, बारीक मणी असतील तर तसेच, बुडतील एवढ्या पाण्यात कांदा घालून मंद शिजू द्या. पाणी आटून लाल तेल सुटलं की बटाट्याच्या फोडी टाका. पाव शक्यतो आदल्या दिवशीचा नको. वरून तेल घालू नका, आणि मीठ तर मुळीच नको.