पावणेसातचा डेमो

पहाटे 5.15
पुण्यात, नऱ्ह्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पहिला दिवा स्वयंपाकघरात लागतो. सर चहा टाकतात, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढतात आणि गणितं सोडवायला बसतात. फिजिक्स शिकवण्यात त्यांची वीसेक वर्षं गेली, प्रकरणं तोंडपाठ आहेत. तरी आज शिकवायचं ते आज सकाळी हातानं सोडवायचं, हा त्यांचा नेम. मुलं कुठे अडखळणार हे डोक्यातून कळत नाही, पेनातून कळतं, असं ते म्हणतात. या तासाचे पैसे कुणी देत नाही.

सकाळी 7.20
विनाअनुदानित ज्युनियर कॉलेज. सर इथे तासिका तत्त्वावर आहेत. तासाला 200 रुपये, रोज दोन तास. ऑगस्टचे पैसे दिवाळीला मिळाले. हजेरीपटावर 80 नावं, बाकांवर 14 मुलं. बाकीची कुठल्या ना कुठल्या क्लासला असतात आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी उगवतात. सर फळा मात्र पूर्ण भरतात.

सकाळी 10.40
आप्पा बळवंत चौक. नोव्हेंबर आहे, सहामाहीचे निकाल नुकतेच लागलेत, त्यामुळे गाइडच्या दुकानांपुढे आया उभ्या. सर जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातात. एका विद्यार्थ्यासाठी एच. सी. वर्मांच्या फिजिक्सच्या पुस्तकाचा पहिला भाग हवाय. दुकानदार 280 म्हणतो, 250 ला देतो. सर आधी पानं चाळून बघतात. आधीच्या मालकानं पेनानं उत्तरं लिहून ठेवली असतील तर पुस्तक बाद. पेन्सिलची चालतात, खोडता येतात.

मग 18 पानांच्या झेरॉक्स, 36 रुपये. मार्करच्या शाईची बाटली, 30 रुपये. पुस्तकाचे पैसे मिळतील. झेरॉक्सचे आणि शाईचे सर मागत नाहीत.

दुपारी 12.30
जेवताना फोन येतो. स्पीकरवर टाकतात.

"सर, तुमचा नंबर आमच्या शेजारच्या काकूंनी दिला. मुलगा नववीत आहे. मॅथ्समध्ये 40 पैकी 11."

"पेपर आहे का घरी?"

"पेपर? तो शाळेत परत घेतला. फी किती घेता तुम्ही?"

सर फी सांगतात. पलीकडे जरा शांतता. क्लास वर्षाला एवढ्यात होतो, अशी तुलना येते. सर वाद घालत नाहीत. क्लास बरा असेल तर क्लासला घाला, म्हणतात. त्यांना ते खरंच वाटतं. ज्याला वर्गात हात वर करता येतो त्याला घरी माणूस बोलावायची गरज नाही, हे त्यांचं मत.

पाठोपाठ शिकवण्या मिळवून देणाऱ्या ब्युरोवाल्याचा फोन. संध्याकाळी पावणेसातला कर्वेनगरमध्ये डेमो. मुलगी बारावी सायन्स, सीईटी द्यायची आहे. डेमो फुकट. ट्यूशन ठरली तर पहिल्या महिन्याची निम्मी फी ब्युरोची. पुढे घरच्यांनी आठवड्यात नको म्हटलं तर त्यातले किती परत, यावर दोघांचं जुनं भांडण आहे. आज ते निघत नाही.

दुपारी 4.30
आनंदनगर. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दहावीचा मुलगा, सेमी इंग्लिश. आठवड्याला तीन दिवस, सव्वा तास, महिना 6,000. आजी पाणी आणते आणि आत जाते.

भिंगांचं प्रकरण. फोकल लेंग्थ 10 सेंटिमीटर, वस्तू 15 सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे? मुलगा भराभर लिहितो, उत्तर 6 येतं. वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं राहिलंय. दहावीला बऱ्याच मुलांचं हे राहतं आणि अनेक शिक्षक तिथे लाल पेनानं उणे चिन्ह काढून पुढे जातात.

सर पिशवीतून भिंग काढतात. दहा सेंटिमीटरचंच आहे, कापडात गुंडाळलेलं. पडदे ओढायला सांगतात. मोबाइलवर काळ्या पाटीवर पांढरा 'क' मोठा करून ठेवतात, पट्टीनं मोजून 15 सेंटिमीटरवर भिंग धरतात. "आता तुझ्या सहावर कागद धर."

मुलगा धरतो. नुसता उजेडाचा डाग.

"मागे ने. हळू. अजून."

तिसाच्या जवळ कागदावर 'क' उमटतो. उलटा आणि दुप्पट. मुलगा पट्टी स्वतः लावून बघतो. मग सर वही पुढे सरकवतात. तो पुन्हा सोडवतो, या वेळी उणे पंधरा घेऊन. तीस. मॅग्निफिकेशन उणे दोन. "उणे म्हणजे उलटा?" तो विचारतो. सर मान हलवतात. यात पाऊण तास गेला. ठरलेली आणखी चार गणितं झाली नाहीत. आजी दारातून "झालं का रे लिहून?" विचारते, तेव्हा वहीत दाखवायला अर्धंच पान असतं.

संध्याकाळी 6.00
राजाराम पूल. स्कूटर पायांनी ढकलत पुढे. दिवसाला साधारण 30 किलोमीटर होतात, पेट्रोलचे रोजचे 70-80 रुपये. सर फी तासाची घेतात, रस्त्याची नाही. म्हणून नवी ट्यूशन घेताना ते विषयाच्या आधी पत्ता विचारतात.

संध्याकाळी 6.45
कर्वेनगर. डायनिंग टेबल. मुलगी, आई आणि सोफ्यावर पेपर तोंडासमोर धरलेले वडील. डेमो नेमका कुणासाठी असतो हे ओळखायला वेळ लागत नाही. काही जण अशा वेळी पाठ केलेलं खणखणीत लेक्चर देतात. सर कॉलेजच्या चाचणीची उत्तरपत्रिका मागतात. मुलगी आईकडे बघत ती आणून देते.

सर दहा मिनिटं काहीच बोलत नाहीत. आई चुळबुळते. डेमोतली दहा मिनिटं अशी वाचनात घालवणं धाडसाचं आहे.

मग एका गणितावर बोट. तापलेल्या पृष्ठभागातून किती ऊर्जा बाहेर पडते, तापमान 400 केल्विन. सूत्र बरोबर, आकडे बरोबर घातलेत. उत्तर 1451 च्या जागी साडेचौदा.

"चारशेचा चौथा घात कसा काढलास?"

"चाराचा चौथा घात 256. आणि दहाचा सहावा."

"सहावा कसा?"

"दोन अधिक चार."

"दहाचा वर्ग चार वेळा लिही बरं. गुणिले टाकून."

ती लिहिते. शून्यं मोजते. आठ. सर पानं उलटत जातात, आणखी दोन ठिकाणी हाच घोटाळा. बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल घेऊन बसावं लागतं आणि घातांक कच्चे असतील तर लॉगही फसतो.

"फिजिक्स येतंय हिला," सर आईला सांगतात. "आठवीचे घातांक येत नाहीत. पहिले चार तास तेच करू."

आईचा चेहरा पडतो. "आठवीचं? सर, सीईटी तोंडावर आलीये. पोर्शन कधी होणार?"

पेपरामागून वडील पहिल्यांदा बोलतात. "फी?"

महिन्याला बारा दिवस, दीड तास, 9,000. आई सात म्हणते. शिवाय हिची मैत्रीण शेजारी बसली तर तेवढ्यातच? सर म्हणतात, दोघींचे मिळून दीडपट. घासाघीस आठ हजारांवर थांबते. ठरत मात्र नाही. उद्या अजून एक सर डेमोला येणार आहेत.

निघताना मुलगी जिन्यापर्यंत येते. "सर, अपूर्णांकात घात असला तर?" सर जिन्यातच, लाइटच्या मीटरवर कागद धरून, दोन ओळी लिहून देतात.

रात्री 8.30
कोथरूड. दहावीच्या दोन जुळ्या बहिणी. अर्थनियोजन चालू आहे, जीएसटी. शिकवणीवर 18 टक्के जीएसटी लागतो हे ऐकून दोघी सरांचा कर काढायला बसतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हे त्यांना मग सांगावं लागतं. "म्हणजे सर, तुम्ही आतच?" खूपच आत, सर म्हणतात.

यांच्या घरून या महिन्याची फी आलेली नाही. दिवाळीत नऊ दिवस सुट्टी झाली, तेवढे कापायचे का, असा निरोप होता. सर आज विषय काढतात. "दादा, सुट्टीचे तास मी रविवारी भरून दिलेत." वडील लगेच मोबाइल काढून पैसे पाठवतात. पूर्ण.

रात्री 10.20
बायको ताट वाढते. सर डायरी उघडतात. बोर्डाची परीक्षा संपली की दहावी-बारावीची घरं एकदम सुटतात, एप्रिल-मे कोरडे जातात. म्हणून दहा महिन्यांचे पैसे बारा महिन्यांवर पसरायचे. कर्वेनगरचं जमलं तर पहिल्या महिन्यात आठातले चार हजार ब्युरोचे. बारा खेपा, हातात चार हजार.

तेवढ्यात मेसेज. कर्वेनगरची आई. मुलीला तुमचं आवडलं, पण उद्याचे सर बघून कळवते.

त्याखाली दुपारच्या नववीवाल्या बाईंचा. फी मान्य आहे, वेळ फक्त पावणेसातचीच जमेल. ब्युरो मध्ये नाही, घर वडगावला, जाता-येता वाटेवर. महिना 5,000. उद्या दहापर्यंत सांगा.

सर पेन्सिल घेऊन पावणेसातच्या रकान्यात दोन्ही नावं लिहितात.

"कुठली घेणार?" बायको विचारते.

"आधी दहापर्यंत कर्वेनगरचा फोन येतो का बघू," सर म्हणतात आणि कोशिंबीर मागतात.